अर्धी दोल्गोर

दोल्गोरला तळावर सगळे 'अर्धी' म्हणत. पाठीमागे म्हणत तसंच तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

खोव्सगोल सरोवराच्या दक्षिण टोकाला सरकारी तेलतळ होता. सरोवर गोठलं की तिथले अकरा टँकर बर्फावरून उत्तर काठाला रिकामे जात आणि तिसऱ्या दिवशी पेट्रोल भरून परत येत. ते जाणार की नाही हे दोल्गोर ठरवी. तिची हत्यारं दोन, एक पहार आणि एक काठी. पहारीनं बर्फाला भोक पाडायचं, टोकाला आकडा असलेली काठी आत सोडायची, आकडा बर्फाच्या खालच्या कडेला अडकला की वर कुठली खाच येते ते बघायचं. काठीवर चार खाचा होत्या. पहिली माणसाची, दुसरी घोड्याची, तिसरी रिकाम्या ट्रकची आणि चौथी भरलेल्या ट्रकची.

एवढं कुणालाही जमलं असतं. दोल्गोरचं वेगळेपण पुढे होतं. खाली असतो तो निळा-काळा, काचेसारखा बर्फ. त्यावर पडलेलं हिम भिजून गोठलं की पांढरा बर्फ होतो. शहरातले लोक दोन्ही मिळून जाडी सांगत. दोल्गोर पांढरा अर्धाच धरी. भोकाच्या भिंतीवर बोट फिरवून पांढरा कुठे संपतो ते बघे, मनात वजाबाकी करी आणि काठाच्या खांबावर लाल नाहीतर काळं फडकं चढवी. लाल म्हणजे जा. काळं म्हणजे घरी बसा. कितीही मिनतवाऱ्या केल्या तरी काळ्याचं लाल होत नसे.

"वहिनी, नवऱ्याला तरी पूर्ण धरता की तोही अर्धाच?" ड्रायव्हर विचारत.

"केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे," ती म्हणे. "आता अर्धाच."

तिचा नवरा गोम्बो त्याच टोळक्यात उभा असे आणि कानावरची टोपी खाली ओढून घेई.

बर्फाचं हे ज्ञान तिला कुणी शिकवलं नव्हतं. विसाव्या वर्षापासून ती तळाच्या स्वयंपाकघरासाठी बर्फ कापून आणत होती. हिवाळाभर पिण्याचं पाणी म्हणजे सरोवरातून करवतीनं कापलेल्या लाद्याच. त्या गाडीवर घालून आणायच्या आणि कढईत टाकायच्या. निळी लादी हट्टी असते, जाळ खाऊन खाऊन मग हलते. पांढरी लादी कढईत पडली की भुसभुशीत होऊन बसते. वीस वर्षं रोज हे बघितल्यावर माणसाला काही विचारावं लागत नाही.

एका वर्षी शहरातून एक मापाडी आला होता, चकचकीत गिरमिट घेऊन. त्यानं भोकं पाडली, वहीत आकडे लिहिले, रस्ता उत्तम आहे म्हणाला. त्याच सकाळी दोल्गोर कढईजवळ आचाऱ्याला म्हणाली, "आजची लादी टाकताक्षणी विरघळली बघ. ह्याच्यावर ट्रक घालणारेत की काय ही माणसं?" दुपारी बर्फ फुटून एक ट्रक खाली गेला. बर्फावर दारं बांधून उघडी ठेवायची पद्धत होती म्हणून ड्रायव्हर उडी मारून वाचला. ट्रक अजून सरोवराच्या तळाशी आहे. संध्याकाळी तळाचे प्रमुख नाम्सरायसाहेब स्वयंपाकघरात आले आणि सकाळी हे कोण बोललं म्हणून विचारलं. आचाऱ्यानं झाऱ्यानं दोल्गोरकडे दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून काठी तिच्या हातात आली.

ह्याला बारा वर्षं झाली, आणि बारा वर्षांत तिच्या लाल फडक्याखालून गेलेला एकही ट्रक बुडाला नाही.

आता गोम्बोविषयी. तो पहिल्या ट्रकवर असे. बाकीचे दहा त्याच्या चाकोरीतून जात. सव्वीस वर्षांत त्याच्या गाडीला ओरखडा नव्हता. ऑफिसच्या भिंतीवर त्याचा फोटो होता, छातीवर पक्षाचा लाल बिल्ला होता आणि स्वभाव पक्का आडमुठा होता. बायकोच्या काठीकडे तो कधी बघत नसे. "तुझं फडकं दिसतं की मला," म्हणे, "काठी कशाला बघू?"

तळापासून थोड्या अंतरावर टेकडीचं नाक सरोवरात शिरलं होतं. ट्रक बर्फावर उतरले की त्या नाकाला वळसा घालून जात, आणि नाकामागे गेले की थांबत. टायर बघायला, असं सांगायची पद्धत होती. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सरोवराला तिथले लोक आई म्हणतात, आणि आईच्या अंगावरून गाडी न्यायची तर पहिला घोट तिला द्यावा लागतो. काठावर, ऑफिसच्या खिडकीसमोर हे करणं म्हणजे पक्षाच्या लेखी अंधश्रद्धा; त्याबद्दल वर तक्रारीचा कागद जायचा, बिल्ला जायचा, क्वचित गाडीही जायची. नाकामागे खिडकीतून काही दिसत नसे. म्हणून अकरा ड्रायव्हर तिथे उतरत, थर्मास उघडत आणि बर्फावर चहा ओतत. जाताना सुखरूप जावं म्हणून, येताना सुखरूप आलो म्हणून. वाटीभरानं भागत नसे. आईच्या नावानं टोपण उघडलं की अर्धा थर्मास रिकामा व्हायचा. नाम्सरायसाहेबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण तेही मूग गिळून होते.

गोम्बोचा चहा दोल्गोरच करी. दूध घालून, खळखळून उकळून, मूठभर मीठ टाकून, जसा तिथे सगळीकडे करतात तसा.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, मार्च संपत आला होता. ऊन तापायला लागलं होतं, पण बर्फ अजून महिनाभर टिकेल असा अंदाज होता. फेरीच्या आदल्या दुपारी दोल्गोर मोजत मोजत नाकामागे गेली तर तिथे गाई. पाच-सहा गाई माना खाली घालून बर्फ चाटत होत्या. चारा सांडला असेल म्हणून तिनं हाकललं. गाई चार पावलं गेल्या आणि परत आल्या. चारा नव्हताच. बर्फावर तपकिरी डाग होता, अंगणाएवढा.

तिनं पहार मारली. इतर ठिकाणी चाळीस घाव लागत. इथे अठराव्या घावाला पाणी आलं. काठी सोडली. आकडा अडकला तो तिसऱ्या खाचेच्या बोटभर पुढे. रिकामा ट्रक जेमतेम. भरलेल्याची खाच वीतभर लांब राहिली होती.

ती गुडघ्यावर बसली. गाई जे करत होत्या तेच तिनं केलं. बर्फाचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला.

खारट होता.

तिला सगळं तिथल्या तिथे कळलं. इथून आई नदी होऊन बाहेर पडते, त्यामुळे खालून प्रवाह असतोच. वरून तीन महिने अकरा थर्मासांचा कढत चहा. मीठ मुरलेलं, चहाचा काळपट डाग पडलेला, त्या डागावर मार्चचं ऊन, आणि वर ट्रक उभे करून ठेवायचे. बर्फावरून चालती गाडी निघून जाते. उभी गाडी त्याला दाबत बसते. आणि त्यातलं एक अकरांश मीठ आपल्या मुठीतलं आहे, हेही तिच्या लक्षात आलं. तिला स्वतःची लाज वाटली. बारा वर्षं ती सगळीकडे काठी घालत होती, पण नाकामागे ट्रक थांबायचे त्या जागी कधी भोक पाडलं नव्हतं. आईच्या ताटात कोण पहार मारणार?

संध्याकाळी तिनं गोम्बोपुढे मटणाचा रस्सा ठेवला आणि विषय काढला.

"नाकामागे थांबू नकोस उद्या."

"का?"

"बर्फ कुजलाय. तुमच्या चहानं. मीठ आहे त्यात."

गोम्बो हाडावरचं मांस सुरीनं सोलत होता. तो थांबला. "आईला चहा पाजला म्हणून आई बुडवेल? असं कुठे असतं?"

"आई बुडवत नाही. बर्फ फुटतो."

"सव्वीस वर्षं ती माझ्या हातचं पितेय."

"सव्वीस वर्षांपूर्वी अकरा ट्रक नव्हते, म्हाताऱ्या. चार होते. काठावर ओत आणि जा."

"काठावर? खिडकीसमोर? मग फोटो उतरवून तुझ्याच हातात देतील."

"मग ओतू नकोस. पी आणि जा."

ह्यावर गोम्बोनं सुरी खाली ठेवली. "बघ, बर्फ मोजणं तुझं काम. लाल लावलंस तर जाईन, काळं लावलंस तर बसेन. पण एक फेरी घोट न देता केलेली नाही, करणार नाही. मागचे दहा माझ्याकडे बघून चालतात. मी नाही थांबलो तर ते बर्फावर हात थरथरत गाडी चालवतील, आणि ते तुझ्या मिठाहून वाईट."

त्यातलं शेवटचं खरं होतं, म्हणून तिला जास्तच राग आला. ती म्हणाली, "मी फांद्या रोवून वाट बंद करीन."

"फांद्यांवरून ट्रक जातो," गोम्बो म्हणाला आणि रस्सा ओढू लागला.

सकाळी तिनं लाल लावलं. रिकाम्या गाड्यांपुरता बर्फ होता, भरलेल्या परत येण्याआधी बाहेरून नवी वाट काढता आली असती, आणि खोटं काळं तिनं कधी लावलं नव्हतं. काठावर उभी राहून ती ऐकत राहिली. नाकामागे अकरा इंजिनं एकेक करून शांत झाली, आणि बऱ्याच वेळानं एकेक करून सुरू झाली. मग ती धावतच तिकडे गेली. डागावरून आडवी चीर गेली होती आणि चिरेतून पाणी वर आलं होतं. परवा दुपारी हेच ट्रक भरून येणार होते, आणि पहिला गोम्बो थांबणार होता.

ती नाम्सरायसाहेबांकडे गेली.

"साहेब, नाकामागची वाट बंद करायचीय. बाहेरून नवी काढते, ऑफिससमोरून. तिथे बर्फ चांगला आहे."

"का बंद करायची?"

"पातळ झालाय."

"का पातळ झालाय?"

दोल्गोरनं खिडकीबाहेर टेकडीच्या नाकाकडे बघितलं. मग म्हणाली, "प्रवाह आहे."

"प्रवाह पहिल्यापासून आहे. नकाशावर ठरलेली वाट हलवायची तर वर कळवावं लागतं. वरचे विचारतील, ह्याच वर्षी का? माणूस पाठवतील. तो भोक पाडेल." साहेबांनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "त्या भोकात त्याला काय सापडेल, दोल्गोरताई?"



"बिनतारीवरून उत्तर काठाला निरोप तरी द्या. थांबू नका म्हणून."

"कशासाठी थांबतात ते आधी मान्य करावं लागेल. बिनतारी चार ठिकाणी ऐकतात." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "लिहिता येईल असं कारण आण. मी सही करतो."

लिहिता येईल असं कारण नव्हतं. होतं ते लिहिलं तर अकरा जणांचे बिल्ले जाणार होते, आणि गोम्बोचा सगळ्यांत आधी.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिनं एकटीनं नवी वाट मोजली. नाकाच्या बाहेरून, खुल्या बर्फावर, पन्नास पन्नास पावलांवर भोक. सगळीकडे चौथी खाच ओलांडून वीतभर. प्रत्येक भोकात तिनं देवदाराची फांदी रोवली. रात्रीत फांद्या पक्क्या बसल्या. जुन्या वाटेच्या तोंडावर दोन फांद्या आडव्या टाकल्या, पण त्यांचा उपयोग किती ते तिला ठाऊक होतं. वाट अडवून उभं राहावं आणि समजवावं, असंही मनात आलं. पण त्याचा अर्थ अकरा भरलेले ट्रक एकामागे एक बर्फावर उभे करायचे. त्याहून घातक काही नाही. त्यांना न थांबता न्यायचं होतं, आणि गोम्बो घोट दिल्याशिवाय पुढे जाणार नव्हता. ती ह्या दोन्ही गोष्टी उलटसुलट करून बघत राहिली. तिला गोम्बो हवा होता. आडमुठा होता, घोरायचा, स्तुतीचा एक शब्द त्याच्या तोंडून निघत नसे, पण तिला तो हवा होता.

तिसऱ्या दिवशी तिनं पेटी उघडली. खाली, कपड्यांच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेला तिच्या आईचा लाकडी पळा होता, नऊ खळग्यांचा, नैवेद्याचं दूध चहूकडे उडवायचा. तो असला तरी नाही म्हणायचं अशी ती वर्षं होती. शेजारणीकडून त्या सकाळचं सगळं दूध मागून आणलं. शेजारणीनं बादली भरून दिली आणि काही विचारलं नाही. दोल्गोरनं सणाचा निळा अंगरखा घातला, कमरपट्टा बांधला आणि दुपारी, कामाच्या वेळेत, ऑफिसच्या खिडकीसमोरून चालत बर्फावर उतरली. जिथे दोन वाटा फुटत होत्या तिथून थोडी पुढे, नव्या वाटेच्या कडेला, ती उभी राहिली. खिडकीतून तिच्या अंगरख्याची बटणंसुद्धा दिसली असतील.

तिला भीती वाटत होती. तिनं बादली पायाशी ठेवली आणि पळा हातात घेतला.

ट्रक आधी ऐकू आले, मग दिसले. गोम्बोचा सर्वांत पुढे, दार बांधून उघडं, मागे दोनशे पावलांवर दुसरा. फाट्याजवळ येताना त्याचा वेग कमी झाला. पुढचं चाक जुन्या चाकोरीकडे वळलं, आडव्या फांद्यांकडे.

दोल्गोरनं पळा बादलीत बुडवला आणि हात वर करून दूध उडवलं. उत्तरेला, मग पूर्वेला, मग आईवर. ओरडली नाही, हात हलवून बोलावलं नाही. पुन्हा बुडवला, पुन्हा उडवलं. गोम्बोच्या नावानं एकदा, मागच्या प्रत्येकाच्या नावानं एकदा, नावं मोठ्यानं घेत.

गोम्बोनं तिला बघितलं. तिच्या पाठीमागे खिडकी आहे हेही त्यानं बघितलं. ती सगळ्यांचा घोट देतेय आणि ते तिला कितीला पडणार, हे कळायला त्याला एक क्षण लागला असेल, कारण ट्रक तेवढा वेळ ना इकडे ना तिकडे असा रांगत राहिला. मग चाक परत वळलं. तो तिच्या शेजारून गेला, न थांबता, समोर बघत, फक्त डाव्या हातानं टोपी काढून. त्याचे केस तिच्या अंदाजापेक्षा जास्त पांढरे झाले होते. मागचे दहा त्याच्या चाकोरीतून गेले आणि दहाही जणांनी टोप्या काढल्या.

संध्याकाळी नाम्सरायसाहेबांनी बोलावलं.

"लिहिता येईल असं कारण आण म्हणालो होतो. तू हे आणलंस."

"हे लिहिता येईल की, साहेब. माझ्या एकटीच्या नावावर."

"खिडकीशी सहा माणसं होती. मी एकटा असतो तर कानाडोळा केला असता."

"माहितीय मला."

त्यांनी कागद लिहिला. कागद प्रांताच्या गावी गेला. दोल्गोरची काठी साहेबांच्या टेबलावर राहिली.

त्यानंतर चौथ्या दिवशी नाकामागचा बर्फ आपोआप बसला. त्यावर कुणीच नव्हतं. नुसतं ऊन होतं. ट्रक मावेल एवढं काळं पाणी उघडं पडलं आणि गाई कडेनं उभ्या राहिल्या. नाम्सरायसाहेब एकटेच चालत बघायला गेले. गुराख्यानं नंतर सांगितलं की साहेबांनी कडेचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला, बराच वेळ तसेच उभे राहिले आणि परत गेले. पण कागद गेला तो गेला.

पुढच्या हिवाळ्यात शहरातून नवा मापाडी आला, शिकलेला, मान खाली घालून काम करणारा. दोल्गोर परत करवत घेऊन लाद्या कापू लागली. पगार कमी, काम जड, पण कढईजवळ ऊब असे. मापाडी रोज सकाळी जाडीचा आकडा फळ्यावर लिही. ड्रायव्हर तो वाचत आणि चहाला म्हणून स्वयंपाकघरात येत.

"काय वहिनी, आजची लादी कशी आहे?"

दोल्गोर कढईत बघे. "हट्टी आहे," म्हणे, किंवा, "आज टायर दुरुस्त करा." ज्या दिवशी ती टायर दुरुस्त करा म्हणे, त्या दिवशी अकराही ट्रकच्या टायरांत काहीतरी निघे. मापाड्याला हे कळायला महिना लागला. मग फळ्यावर आकडा लिहिण्याआधी तोही चहाला येऊ लागला.

गोम्बो त्या दुपारविषयी एक अक्षर बोलला नाही. घरी नाही, बाहेरही नाही. त्या हिवाळ्यातल्या पहिल्या फेरीच्या सकाळी ती त्याचा थर्मास भरत होती तेव्हा त्यानं खिशातून एक छोटी बाटली काढून तिच्यापुढे ठेवली, धुतलेली, बूच नवं बसवलेलं.

"ह्यात दूध दे."

"कशाला?"

"चालत्या गाडीतून ओतायचं. उघड्या दारातून, थोडं थोडं, उत्तर काठापर्यंत. बाकीच्यांनाही सांगितलंय." तो हातमोजे चढवत राहिला, तिच्याकडे न बघता. "आणि मीठ घालू नकोस त्यात."